माळीण : तासांचा हिशेब

बुधवार, ३० जुलै २०१४. सकाळी सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान कधीतरी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर मागचा डोंगर उतरला. चाळीसहून अधिक घरं गाडली गेली, १५१ माणसं गेली.

आपत्तीचा घटनाक्रम लिहिण्याचा एक शिरस्ता आहे. कोसळण्याची वेळ शून्य धरायची आणि पुढे मोजत जायचं : खबर कधी लागली, जवान कधी पोचले, मंत्र्यांची गाडी कधी आली. अशा टिपणात डोंगर एकदम एका ओळीत पडतो आणि मग पानंच्या पानं माणसांची धावपळ चालते. इथे मोजणी उलटी धरली आहे, शून्याच्या अलीकडून. अडचण एकच : सुरुवात कुठे करायची यावर अजून एकमत नाही.

भोसरीहून नाशिक रस्ता धरला की मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर. मंचरला डावीकडे वळलं की घोडेगाव, मग डिंभे धरण आणि त्याच्या फुगवट्याच्या कडेकडेनं आदिवासी गावं. चाकणहून दोन-अडीच तासांची वाट. चाकणच्या चौकातली कोंडी सुटली तर. पिंपरी-चिंचवडला पाणी पाजणारी पवना, आळंदीची इंद्रायणी, खेडची भामा, भीमाशंकरची भीमा आणि माळीणच्या खालच्या अंगाची घोड या सगळ्या सह्याद्रीच्या एकाच रांगेतून निघतात. त्यामुळे कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसानं ‘ते तिकडे डोंगरात झालं’ म्हणावं इतकं माळीण लांब नाही.

काही पावसाळे आधी

या खोऱ्यात वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. घोड नदीकाठची भाताची चांगली जमीन कुकडी प्रकल्पातल्या डिंभे धरणाखाली गेली. हाती राहिला तो उतार : नाचणी-वरईची तुकड्या-तुकड्यांची शेतं आणि हिरड्याची झाडं. भात हवं तर उतारावरच खाचर पाडायचं.

त्यासाठी जुनी रीत आहे, पडकई. उन्हाळ्यात गावातली माणसं एकत्र येऊन आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या वावरात राबतात. पहारीनं, टिकावानं उतार फोडायचा, निघालेला दगड पुढच्या कडेला रचून ताल घालायची आणि मागची माती पुढे ओढून वाफा सपाट करायचा. दगडी तालीच्या फटींतून जादा पाणी पाझरून जातं, माती मागे राहते. एका खाचराला एक उन्हाळा लागतो, कधी दोन. मंचरची ‘शाश्वत’ ही संस्था आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी उभी केली, ती डिंभे धरणग्रस्तांच्या कामासाठी. याच हातानं करायच्या पडकईला रोजगार हमीची जोड मिळावी म्हणून ती वर्षानुवर्षं झगडली. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार तिला मिळाला. उतारावर शेती करणं हाच गुन्हा, असं माळीणनंतर शहरात बसून बोलणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं होतं.

पुढे पडकई सरकारी योजनेत आली आणि कामावर यंत्रं आली. जेसीबीचं भाडं तासावर असतं. तासाचं मीटर पडत असताना दगड निवडून ताल रचायला कोण थांबणार? बकेटनं वरच्या अंगाला उभा काप घ्यायचा, निघालेली माती-मुरूम खालच्या अंगाला ढकलायचा, वरून दोन फेऱ्या मारायच्या, झालं खाचर. एका उन्हाळ्याचं काम दुपारच्या जेवणाआधी संपतं. दिसायला दोन्ही खाचरं सारखीच. फरक पोटात असतो. हाताच्या खाचराला पुढे दगडाचा आधार आणि पाण्याला वाट असते. यंत्राच्या खाचरात पुढचा भाग नुसत्या मोकळ्या भरावाचा, मागचा उतार पाय कापल्यासारखा उभा, आणि पाण्याच्या जुन्या वाटा भरावाखाली बुजलेल्या. शिवाय खाचर हे मुळातच पाणी धरून ठेवण्यासाठी असतं. नदीकाठी तोच त्याचा गुण. तीव्र उताराच्या माथ्यावर मात्र साचलेलं पाणी जाणार खालीच, डोंगराच्या पोटात.

यंत्राला शिव्या घालणं सोपं आहे, आणि आपल्या पट्ट्यातून घालायच्या तर जरा जपून. पोकलेन म्हणून ओळखली जाणारी खोदाईची मोठी यंत्रं चाकणला बनतात, तळेगावला बनतात. आपल्याच नातेवाइकांतली पोरं ती जोडतात. मोशीच्या खाणींतला दगड फोडून या शहराच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि चाकण औद्योगिक क्षेत्राचे टप्पे सपाट करताना किती टेकाडं गेली हे जुन्या खेड तालुक्यातल्या कुणालाही विचारा. इथे डोंगर कापला तर तो विकास आणि आदिवासीनं पोटाच्या भातासाठी कापला तर तो विध्वंस, अशी वाटणी मला मान्य नाही. मान्य एवढंच आहे की वीस अंशांच्या उतारावर चालणारी घाई आणि सपाट माळावर चालणारी घाई यांचे परिणाम वेगळे होतात.

खेड तालुक्याचंच बघा. पूर्वेच्या टोकाला चाकणचे कारखाने, पश्चिमेच्या टोकाला भीमाशंकर अभयारण्याला लागून पवनचक्क्या. त्या पवनचक्क्यांसाठी डोंगरमाथ्यावर कापलेले रस्ते, त्यांचा राडारोडा आणि खालच्या ओढ्या-शेतांत उतरणारी माती यांवर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीनं आपल्या अहवालात बोट ठेवलं होतं. अहवाल सरकारला सादर झाला ऑगस्ट २०११ मध्ये. माळीणला तेव्हा जवळपास तीन वर्षं होती.

साडेचार महिने आधी

१० मार्च २०१४. गाडगीळ समितीनंतर कस्तुरीरंगन समिती नेमली गेली, तिनं संरक्षणाचं क्षेत्र बरंच आखडतं घेतलं, आणि त्या आधारे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं मसुदा अधिसूचना काढली. सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवायचं, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. मसुदा म्हणजे हरकती मागवायच्या. हरकती आल्या.

एक महिना आधी

त्या वर्षी जून कोरडा गेला. देशभरात जूनचा पाऊस सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त घटला. पुणे परिसरातल्या धरणांनी तळ गाठला, पाणीकपात सुरू झाली, वर्तमानपत्रांत रोज धरणसाठ्याची चौकट छापली जाऊ लागली. पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या फाटकांवर टँकर उभे, कारखान्यांत पाण्याचा हिशेब, आणि सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे : घाटमाथ्यावर पडतोय का?

भाताच्या गावांतही तीच चिंता, फक्त जास्त खोल. आवण तयार व्हायला पाऊस हवा, चिखलणीला पाऊस हवा, लावणीला तर धो धो हवा. जुलैच्या उत्तरार्धात तो आला तेव्हा शहरानं आणि डोंगरानं एकाच वेळी सुटकेचा श्वास सोडला असणार.

दोन दिवस आधी

सोमवार, २८ जुलै. श्रावणाचा पहिला सोमवार. मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणारा रस्ता त्या दिवशी भाविकांच्या गाड्यांनी भरतो. डिंभ्याचं पाणी, हिरवे डोंगर, ढगात गेलेले माथे. गाडीतून बघणाऱ्याला निसर्ग म्हणतात तो हाच. त्या हिरव्या उतारांवर कुठलं खाचर कधी, कुणी आणि कशानं पाडलं, हे रस्त्यावरून कळत नाही.

चोवीस तास आधी

मंगळवार, २९ जुलै, सकाळ. रमजान ईदची सुट्टी. पाऊस लागून राहिला होता.

दिवसभरात या भागात सुमारे १०८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आकडा कागदावर छोटा दिसतो. एक हेक्टर उतारावर १०८ मिलिमीटर म्हणजे दहा लाख ऐंशी हजार लिटर पाणी. पट्ट्यातल्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे एकशे आठ टँकर, एका हेक्टरवर, एका दिवसात रिकामे. आणि डोंगर काही एक हेक्टरचा नसतो.

सह्याद्रीला हा पाऊस नवा नाही, याहून मोठे पाऊस त्यानं दर वर्षी अंगावर घेतले आहेत. पाणी पडतं किती यापेक्षा ते जातं कुठे, हा प्रश्न महत्त्वाचा. हा डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर रचून झालेला. आतला काळा खडक कठीण. पण त्याची वरची कातडी लाखो पावसाळ्यांत झिजून मुरूम आणि माती झालेली आहे. सह्याद्रीत ठिकठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टाही सापडतो. वरून मुरलेलं पाणी मातीतून, मुरमातून झरझर खाली येतं आणि कठीण खडकावर येऊन थांबतं. तिथून त्याला आडवी वाट हवी असते. झरे, ओघळ, ओढे या त्या वाटा.

डोंगर पाण्याच्या ओझ्यानं पडतो असं आपण म्हणतो. ओझं हा अर्धाच भाग. मातीचे कण एकमेकांना घासून, धरून उतारावर उभे असतात. मधल्या पोकळ्यांत हवा असते तोवर ही पकड टिकते. पोकळ्या पाण्यानं भरल्या की पाणी कणांना आतून रेटतं आणि पकड सुटत जाते. बाहेरून काही दिसत नाही. गवत हिरवंच असतं, खाचरात पाणी छान साचलेलं असतं. झाडांची खोल मुळं थोडी माती धरून ठेवतात आणि पाणी पिऊनही टाकतात. झाडं गेलेली असतील तर तेवढा आधार कमी. वरच्या खाचरांत पाणी तुंबलेलं, खालचे ओघळ बुजलेले आणि भराव मोकळा असेल, तर चोवीस तासांचा पाऊस डोंगराला अट्ठेचाळीस तासांचा पडतो.

दुर्घटनेनंतर भूवैज्ञानिकांनी जागा पाहिली तेव्हा हीच कारणं वेगवेगळ्या वजनानं पुढे आली : जोरदार पाऊस, तीव्र उतार, झिजलेला खडक, पाण्याचा निचरा नसणं, आणि शेतीसाठी बदललेला उतार. कार्यकर्त्यांनी आणि पर्यावरण अभ्यासकांनी शेवटच्या कारणावर बोट ठेवलं, प्रशासनाचा जोर पहिल्यावर राहिला. पाऊस हे कारण सगळ्यांनाच सोयीचं असतं. त्याला नोटीस काढावी लागत नाही.

बारा तास आधी

मंगळवारची संध्याकाळ. घसरायला आलेला उतार सहसा आधी काही खुणा करतो. झऱ्याचं निवळ पाणी एकाएकी गढूळ होतं, किंवा वाहता ओघळ भर पावसात आटतो, कारण पाणी आत अडलेलं असतं. जमिनीला वरच्या अंगाला अर्धचंद्रासारखी भेग जाते. झाडं, खांब थोडे कलतात. घराच्या भिंतीला नवी चीर पडते, दार चौकटीत अडकतं. हे सगळं पावसात भिजत, डोंगर चढून, माथ्यावर जाऊन कुणी बघितलं तरच कळणार. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लावणीनं कंबर मोडलेली माणसं दिवस मावळताना घराकडे वळतात, डोंगराकडे नाही.

आणि बघून सांगायचं कुणाला? हवामान खात्याचा इशारा विभागासाठी असतो : घाटमाथ्यावर मुसळधार, तुरळक ठिकाणी अतिमुसळधार. पाऊस किती पडेल हे तो सांगतो. कुठला उतार किती पावसावर सुटेल हे सांगायचं तर त्या उताराची माती, कोन आणि पाण्याच्या वाटा कुणीतरी आधी तपासून ठेवलेल्या असाव्या लागतात. माळीणच्या बाबतीत तशी तपासणी झाली ती नंतर.

चार तास आधी

पहाटेचे तीन-साडेतीन. पावसाळी रात्री डोंगरातल्या घरात माणसं, जनावरं, चुलीशी वाळत टाकलेली घोंगडी, सगळं एकाच छपराखाली असतं. त्याच वेळी चाकणला तिसरी पाळी चालू. तिथल्या प्रत्येक यंत्राला ताण मोजणारा कुठला ना कुठला काटा असतो. मर्यादा ओलांडली की लाल दिवा लागतो आणि लाईन थांबते. एका सुट्या भागाच्या सहनशक्तीची जेवढी नोंद या पट्ट्यात ठेवली जाते, तेवढी इथल्या नद्यांना जन्म देणाऱ्या डोंगराची ठेवायची कुणाला सुचली नव्हती.

एक तास आधी

साधारण सव्वासहाला उजाडलं, ढगांमुळे नुसतं करडं. पट्ट्यात कंपन्यांच्या बसगाड्या थांब्याथांब्यावरून पहिल्या पाळीची माणसं उचलत होत्या. डोंगरातली बरीच तरुण माणसं अशाच नोकऱ्या-मजुरीसाठी, शिक्षणासाठी मंचरला, पुण्याला राहतात. माळीणचीही काही त्या दिवशी बाहेरगावी होती. ती वाचली, पण घरचं कुणी उरलं नाही, असं पुढे अनेकांच्या बाबतीत झालं.

गावात सकाळ सुरू झाली होती. वेळ घरातच असण्याची : चूल पेटलेली, धारा काढून झालेल्या, मुलं अजून शाळेला निघायची. तासाभरानं कोसळलं असतं तर बरीच मोठी माणसं खाचरांत आणि मुलं शाळेत असती. पण खाचरंही त्याच डोंगरावर, तेव्हा या ‘जर-तर’मध्ये फार अर्थ नाही.

शून्य

सव्वासात ते साडेसात. सुरुवातीच्या बातम्यांत पहाटेची वेळ छापून आली होती. नंतर वाचलेल्यांच्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या लोकांच्या सांगण्यावरून ती पुढे सरकली. नेमका क्षण टिपायला गावठाणात घड्याळ बघणारं कुणी राहिलं नाही.

वरचा उतार सुटला की तो ढिगाऱ्यासारखा धपकन पडत नाही. पाण्यानं भरलेली माती, मुरूम, दगड, उपटलेली झाडं यांचा चिखल होऊन तो वाहतो, आणि वाटेत मिळेल ते ओढून घेत खाली येतो. दगड-मातीच्या, कौलांच्या भिंती त्याला अडवू शकत नाहीत, सिमेंटच्याही नाही. पळायला मिळतात ती मिनिटंसुद्धा नसतात. गावाचा मुख्य भाग, घरांच्या ओळी, गोठे, सगळं त्या लोंढ्याखाली गेलं. काठावरची काही घरं तेवढी बाजूला राहिली.

अर्धा-एक तास नंतर

पहिली खबर बाहेर नेली ती एसटीनं. रोजच्या फेरीवरचा चालक गाडी घेऊन आला आणि जिथे गाव असायचं तिथे त्याला नुसता चिखलाचा उतार दिसला. त्या भागात मोबाईलला धड रेंज नाही, वीज गेलेली, रस्त्यावर दरडी. एसटी तोट्यात आहे, फेऱ्या बंद कराव्यात, अशी चर्चा दर दोन-चार वर्षांनी निघते. त्या चर्चेत ही फेरी कुठल्या रकान्यात मांडायची हे एकदा ठरवायला हवं.

आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं फावडी, कुदळी, हातानं उकरायला लागली होती. सरकार पोचेपर्यंतचे तास असेच गेले.

दुपार ते रात्र

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तळेगाव दाभाडेची. म्हणजे पथकं निघाली ती आपल्याच पट्ट्यातून, आणि तरीही पोचायला दुपार झाली. वरचे रस्ते अरुंद, ठिकठिकाणी खचलेले. मोठी यंत्रं, रुग्णवाहिका, अधिकाऱ्यांच्या गाड्या आणि वाहिन्यांच्या गाड्या एकाच एकेरी रस्त्यावर एकमेकींना अडवत राहिल्या. पुढच्या दिवसांत दलाचे साडेतीनशेहून अधिक जवान तिथे राबले.

शोध कसा घ्यायचा हा प्रश्न पहिल्या तासापासून होता. चिखल इतका दाट की हातानं उकरून काही हटेना. आणि पोकलेनचं बकेट घालावं तर खाली कुणी जिवंत असेल ही भीती. त्यामुळे यंत्र थोडं उकरायचं, थांबायचं, माणसं उतरायची, कान लावायचे, पुन्हा यंत्र. पाऊस थांबत नव्हता, वरून आणखी माती येण्याचा धोका होता. ज्या यंत्राच्या नावानं त्याच संध्याकाळी वाहिन्यांवर आरोप सुरू झाले, त्याच यंत्राशिवाय एक मृतदेहही निघाला नसता. ते तासाच्या भाड्यावरच चालत होतं का, कुणास ठाऊक.

गाडलेल्या एका घरातून काही तासांनी एक आई आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ जिवंत निघालं. देशभर ती बातमी गेली. जिवंत हाती लागलेल्यांची संख्या मात्र फार थोडी होती आणि रात्र पडेपर्यंत सगळ्यांना ते उमगलं होतं.

आठ दिवस नंतर

केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह ३१ जुलैला येऊन गेले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले. आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते. विधानसभा निवडणूक अडीच महिन्यांवर होती, त्यामुळे कुणी यायचं राहिलं नाही. मृतदेह मिळतील तसे ओळख पटवून, बऱ्याचदा एकत्रच, अग्नी देण्यात आला. ओळख पटवायलाही घरचं माणूस लागतं, आणि काही घरांत ते नव्हतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शोध थांबला. आकडा १५१ वर येऊन थांबला.

त्यानंतर जिल्ह्यातली दरडप्रवण गावं शोधायचं काम झालं आणि पुणे जिल्ह्यात अशी तेवीस गावं ठरली. यादी मोलाची आहे. दर पावसाळ्याच्या तोंडावर ती वर्तमानपत्रांत छापून येते, लोकांना तात्पुरतं हलवण्याच्या सूचना निघतात, आणि गौरी-गणपतीपर्यंत विषय मिटतो. उतारावरची कामं कशी करायची, ठरावीक कोनाच्या पुढे यंत्र न्यायचं की नाही, खाचराला दगडी ताल आणि पाण्याला सांडवा सक्तीचा करायचा का, या बाबी यादीत बसत नाहीत, कारण त्या गावापुरत्या नाहीत.

तीन वर्षं नंतर

२ एप्रिल २०१७ रोजी जवळच्या आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं. साठाहून अधिक पक्की घरं, शाळा, रस्ते; मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते लोकार्पण. नवं गावही डोंगरउतारावरच, कारण त्या मुलखात सपाट जमीन उरली आहे ती धरणाच्या पाण्याखाली. उतार कापून टप्पे केले, भराव टाकला, त्यावर घरं बांधली. जून २०१७ च्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला आणि भराव खचला, रस्त्यांना भेगा गेल्या, काही घरांभोवतीची जमीन दबली. लोक पुन्हा भ्यायले. दुरुस्ती झाली, पाण्याच्या वाटा काढल्या गेल्या. पुनर्वसन करणाऱ्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. घरं मनापासून बांधली होती. पण कापायचं, भरायचं आणि पाण्याचा विचार शेवटी करायचा, ही सवय मंत्रालयापासून वावरापर्यंत एकच आहे हे त्या पावसानं दाखवलं.

सात, नऊ आणि दहा वर्षं नंतर

माळीणनंतर २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळ तळीये गेलं, ऐंशीहून अधिक माणसांसह. मग १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडी : २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. शोध थांबवून त्यांना मृत धरण्यात आलं.

इरशाळवाडीचं उदाहरण या सगळ्या मांडणीला अडचणीचं आहे, म्हणूनच ते इथे यायला हवं. त्या वाडीला रस्ताच नव्हता. तिथे जेसीबी कधी चढला नव्हता. बचावासाठीसुद्धा चढवता आला नाही, जवान पायी गेले, माती हातानं उपसली. म्हणजे यंत्र नसलं की डोंगर सुरक्षित, असं नाही. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे ढग आता थोड्या तासांत फार ओततात, आणि ज्या उतारानं शेकडो वर्षं वस्ती पेलली तो त्या ओतण्याला पुरा पडेलच असं नाही. मला यातून निघणारा अर्थ उलटा वाटतो. डोंगराकडे शिल्लक असलेली सहनशक्ती आधीच कमी झाली असेल, तर तिच्यातून यंत्राच्या तासांनी आणखी काढून घेणं जास्त महाग पडणार. पडकई हातानं करणाऱ्यांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडे घाई करण्याचं साधनच नव्हतं.

मग ३० जुलै २०२४. माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी, पहाटे, केरळात वायनाडमधल्या मुंडक्कई आणि चूरलमला या गावांवर डोंगर उतरला. दोनशेहून अधिक माणसं गेली. तोही पश्चिम घाटच, तोही गाडगीळ समितीच्या नकाशातला.

दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै २०२४ या तारखेनं, पर्यावरण मंत्रालयानं पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना पुन्हा काढली. मार्च २०१४ पासूनचा हा सहावा मसुदा. क्षेत्र तेच, छप्पन हजार चौरस किलोमीटरच्या वर. हरकती आणि सूचनांसाठी मुदत साठ दिवसांची.